तरुण आईबाप मुलांना असे का वाढवतात?

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खानदेशात लेकीबाळी माहेरी येतात आणि चार दिवस तीन पिढ्या एका छपराखाली राहतात. झोके बांधले जातात, खापरावरचे मांडे होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नातवंडांवरून एक वाद हमखास निघतो. ‘आम्ही चार-चार पोरं वाढवली, कधी कुणाला विचारायला गेलो नाही,’ असे आजी म्हणते. ‘तेव्हाचं वेगळं होतं, आई,’ असे लेक म्हणते. दोघींचेही खरे असते. मात्र नेमके काय वेगळे होते, हे सहसा कुणी नीट मांडत नाही आणि मग बोलणे पोराला मारावे की नाही, मोबाइल द्यावा की नाही, एवढ्यावरच अडते.

पहिला बदल घरातल्या माणसांच्या संख्येत झाला आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ इतका निघाला. म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात सरासरी दोन मुलेही होत नाहीत. ज्या आजीने चार पोरे वाढवली, तिच्या हाताशी सासू होती, जावा होत्या, लग्न न झालेली नणंद होती, आणि धाकट्याला कडेवर घेऊन फिरणारी आठ-नऊ वर्षांची थोरली मुलगीही होती. ओट्यावर बसलेल्या शेजारणीही पोरावर लक्ष ठेवत आणि वेळप्रसंगी दटावतही असत. आज धुळ्याच्या देवपुरातल्या किंवा पुण्या-सुरतेच्या फ्लॅटमध्ये तेच काम दोन माणसे करतात, आणि त्यांतले एक दिवसातले दहा-अकरा तास घराबाहेर असते. मूल पहिलेच आणि बहुधा एकुलते असल्यामुळे प्रत्येक लहानसहान निर्णयाचे ओझेही वाटते.

दुसरा बदल ज्ञान कुठून येते याचा आहे. पूर्वी बाळाला आंघोळ घालणारी बाईच बाळाविषयी दोन गोष्टी सांगायची. सल्ला आणि मदत एकाच माणसाकडून मिळायची. आता सल्ला फोनवर मिळतो, डॉक्टरांचे व्हिडिओ, रील्स, सोसायटीतल्या आयांचा ग्रुप अशा दहा दिशांनी मिळतो, पण बाळाला अर्धा तास धरायला कुणी येत नाही. आजच्या पालकांच्या पुष्कळशा सवयी, त्यांची चिंता आणि त्यांचा मोबाइलसुद्धा, या एका गोष्टीतून समजतो: सल्ला वाढला आहे आणि हात कमी झाले आहेत.

आता त्यांच्या पद्धतीकडे पाहू. अमेरिकेत बर्कली येथे डायना बाउमरिंड या मानसशास्त्रज्ञ संशोधिकेने १९६० च्या दशकात शाळेत जाण्यापूर्वीच्या वयाची मुले आणि त्यांचे पालक यांचे निरीक्षण करून संगोपनाच्या तीन तऱ्हा मांडल्या. पुढे १९८३ मध्ये एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी त्यांत चौथीची भर घालून ही मांडणी दोन मापांवर बसवली. एक माप मायेचे, म्हणजे मुलाच्या मनाची दखल किती घेतली जाते याचे, आणि दुसरे नियमांचे, म्हणजे त्याच्याकडून अपेक्षा किती ठेवल्या जातात आणि त्या किती पाळून घेतल्या जातात याचे. नियम भरपूर आणि माया कमी असेल ती हुकमी तऱ्हा, माया भरपूर आणि नियम नाहीत ती मोकाट सोडणारी, आणि दोन्ही नसतील ती दुर्लक्ष करणारी. ज्या घरांत दोन्ही पुरेसे असतात, तिथली मुले एकूण पाहता अधिक जबाबदार आणि आत्मविश्वासाची निघतात, असे त्यानंतरच्या पुष्कळ अभ्यासांत दिसले आहे.

हे संशोधन परदेशातले असले तरी खानदेशातल्या जुन्या घराला ते लावून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. त्या घरात बाप कडक असायचा, त्याची सायकल दारात लागली की पोरे गप्प व्हायची. पण मार खाल्लेले पोर आजीच्या लुगड्यात शिरायचे आणि आजी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. नियम एकाकडे आणि माया दुसऱ्याकडे अशी वाटणी होती, आणि मुलाला दोन्ही मिळत होते. त्यामुळे ‘आम्हाला मारलं तरी आम्ही बिघडलो का?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे आहे की माराने घडवले असे नसून मार खाल्ल्यावर जवळ घेणारे कुणीतरी घरात होते. आज आई आणि बाप दोघेच असल्यामुळे कडक होणारा आणि जवळ घेणारा माणूस एकच असतो, आणि त्याला ही दोन्ही कामे एकाच मिनिटात करावी लागतात. हे अवघड आहे, आणि तरुण पालक जे बोलतात ते बरेचसे या अवघड कामाबद्दलच असते.

म्हणूनच ‘आजकालचे पालक पोरांना नाही म्हणत नाहीत’ ही तक्रार अर्धीच खरी आहे. न मारता वाढवायचे म्हणजे नियम सोडून द्यायचे असे त्या पद्धतीत कुठेही सांगितलेले नाही. जळगावच्या फुले मार्केटात एखाद्या खेळण्याच्या दुकानासमोर अडीच वर्षांच्या पोराने लाल गाडीसाठी जमिनीवर अंग टाकले आहे, अशी कल्पना करा. आई पिशवी नवऱ्याकडे देते, पोराच्या उंचीला येईल अशी खाली बसते आणि म्हणते, ‘तुला ती गाडी पाहिजे. राग आलाय तुला. पण आज गाडी घ्यायची नाही.’ पोर आणखी जोरात ओरडते. शेजारून जाणारी बाई चप्पल सावरत वळून पाहते. बरोबरच्या आजीला मेल्याहून मेल्यासारखे होते आणि ती हलक्या आवाजात सुनेला म्हणते, ‘दी टाक ना व माय, लोके देखी राह्यनात.’ सून काही न बोलता पोराजवळ बसून राहते. दहा मिनिटांनी पोर हुंदके देत तिच्या खांद्यावर येते आणि सगळे गाडी न घेताच निघतात.

यात आईने दोन गोष्टी केल्या: राग मान्य केला आणि मागणी नाकारली. या वयाच्या मुलाला आवरते घ्यायला सांगून ते आवरत नाही, कारण स्वतःला आवरण्याचे काम करणारा मेंदूचा कपाळामागचा भाग वाढीला सगळ्यांत जास्त वेळ घेतो; तो पुरता तयार व्हायला विशीचे निम्मे वय उलटते. दीड ते चार वर्षांच्या वयात होणारा असा आकांत हा हट्टीपणाचा किंवा वाईट वळणाचा पुरावा नाही. मात्र आजीचे ऐकून पाचव्या किंकाळीला गाडी दिली असती, तर पाच वेळा ओरडावे लागते हा धडा मूल शिकले असते. कधी मिळते, कधी मिळत नाही, अशा वागणुकीने सवय सगळ्यांत घट्ट होते, हे बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगशाळेत दाखवून दिले, आणि लॉटरीची तिकिटे काढणाऱ्या माणसालाही ते लागू पडते. जे आधी मिळत होते ते बंद केले की रडणे कमी होण्याआधी काही दिवस वाढते. नेमक्या याच दिवसांत बहुतेक पालक माघार घेतात आणि ‘हे उपाय आपल्याकडे चालत नाहीत’ असा निष्कर्ष काढतात.

तरुण पालकांची चूक वेगळ्याच ठिकाणी होते. ते फार बोलतात. रीलमध्ये आई तीस सेकंदांत चार समजुतीची वाक्ये बोलते आणि मूल शांत होते. प्रत्यक्षात किंचाळणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाला दोनापेक्षा जास्त वाक्ये ऐकू जात नाहीत, आणि आईने दुकानाच्या दारात भावनांवर व्याख्यान दिले तर ते मुलासाठी नसून पाहणाऱ्यांसाठी असते. प्रत्येक गोष्ट मुलाला विचारून करण्याचाही अतिरेक होतो. ‘आपण आता झोपू या का?’ असे विचारले की ‘नाही’ हेच उत्तर येणार. झोपायचे आहे हे मोठ्यांनी ठरवावे आणि निळी चादर की पिवळी, एवढेच मुलाला विचारावे.

मारण्याविषयी मात्र संशोधनाने संदिग्धता फारशी ठेवलेली नाही. मार दिल्यावर मूल त्या क्षणी ऐकते, पण पुढे त्याचे वागणे सुधारत नाही, उलट आक्रमकपणा वाढण्याकडे कल दिसतो. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करण्याला शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मनाई केली आहे. न मारता वाढवणे हे परदेशातून आलेले फॅड आहे असे मानणाऱ्यांनी थोडे मागे पाहावे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले तेव्हा धाक आणि लालूच दोन्ही वर्ज्य मानली होती. त्यांच्या कामात सामील झालेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे अनुताई वाघ यांच्यासोबत बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी अंगणातली शाळा उभी केली. आणि खानदेशापुरते बोलायचे तर अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० या काळात शिकवणारे आणि छात्रालयातल्या मुलांची आईसारखी उस्तवार करणारे साने गुरुजी इथल्या जुन्या माणसांना कुणी नव्याने सांगायला नकोत.

मोबाइलचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, कारण तिथे विचार आणि वागणे यांत सगळ्यांत मोठे अंतर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांचे होईपर्यंत मुलाला पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार या वयांत दिवसाला एक तासापेक्षा जास्त वेळ देऊ नये. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही जवळपास हाच आहे. दूरच्या आजी-आजोबांशी अधूनमधून केलेला व्हिडिओ कॉल तेवढा त्यातून वगळला आहे. हे बहुतेक तरुण पालकांना तोंडपाठ असते. तरीही पाण्याच्या तांब्याला टेकवलेला फोन, त्यावर नाचणारी रंगीत चित्रे आणि न बघता उघडणाऱ्या तोंडात जाणारा वरणभाताचा घास, हे दृश्य घरोघरी दिसते.

असे का होते, ते त्यांच्या जागी उभे राहून पाहिले पाहिजे. भुसावळात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो, सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत पोराला बाहेर सोडता येत नाही, फ्लॅटला अंगण नाही, आणि आईला वीस मिनिटांत पोळ्या उरकायच्या असतात. पूर्वी त्या वीस मिनिटांत पोर काकूकडे असायचे. आता काकूच्या जागी फोन आला आहे. (आणि पुष्कळ घरांत तो फोन आबांचाच असतो, हेही सांगायला हवे, नातवाला मांडीवर घेऊन गाणी लावणारे आबा नंतर सुनेला मोबाइलच्या दुष्परिणामांवर ऐकवतात.)

फोनमुळे नुकसान होते ते दोन वाटांनी. पहिली वाट जेवणाची. पोट भरले की मूल मान फिरवते, तोंड मिटते, ताटली ढकलते. लक्ष पडद्यात असेल तर ही खूण त्याला स्वतःलाही उमगत नाही आणि भूक ओळखण्याची सवय मोडते. काय द्यायचे, केव्हा आणि कुठे बसून द्यायचे हे मोठ्यांनी ठरवावे आणि किती खायचे ते मुलावर सोडावे, अशी कामाची वाटणी आहारतज्ज्ञ सुचवतात. आपल्याकडे नेमके उलटे होते: काय खायचे ते पोर ठरवते आणि किती खायचे ते आजी. दुसरी वाट बोलण्याची. बाळ आवाज करते, आई त्याच्याकडे पाहून काही बोलते, बाळ पुन्हा आवाज करते. या देवाणघेवाणीतून भाषा येते. आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूत दर सेकंदाला दहा लाखांहून अधिक नव्या जोडण्या होतात, असे हार्वर्ड विद्यापीठाचे बालविकास केंद्र सांगते, आणि कोणत्या जोडण्या टिकायच्या ते अशाच वापरावर ठरते. व्हिडिओ मुलाशी बोलतो, पण मुलाचे ऐकून घेत नाही.

याच संदर्भात एक भीती हल्ली फार पसरली आहे, ती म्हणजे मोबाइलमुळे ऑटिझम होतो. तसे सिद्ध झालेले नाही. अति पडद्यामुळे बोलणे लांबू शकते. ऑटिझम ही जन्मापासूनच मेंदूच्या जडणघडणीत असलेली वेगळी अवस्था आहे. या गैरसमजामुळे होणारा तोटा असा की फोन काढून घेतला म्हणजे सुधारेल, या आशेवर वर्ष-दीड वर्ष निघून जाते. वर्षाचे होईपर्यंत बडबड किंवा बोटाने दाखवणे नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, किंवा दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडी स्वतःहून येत नसेल, तर मुलाला डॉक्टरांना दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाड्यांत तपासणीला येते; अंगणवाडी सेविकेकडे त्याची चौकशी करता येते.

भाषेबाबत तरुण पालक जे करतात त्याचे मला सगळ्यांत जास्त वाईट वाटते. घरात नवरा-बायको अहिराणी बोलतात, किंवा यावल-रावेरकडे लेवा गणबोली बोलतात, आजीला दुसरे काही येत नाही, आणि पोराकडे वळले की ‘बेटा, हँड वॉश कर, बनाना खा’ सुरू होते. केळीच्या बागेत वाढलेल्या माणसाने पोराला ‘बनाना’ शिकवावा, हे गमतीचेही आहे. यामागे इंग्रजी माध्यमाच्या शाळेची आणि आपल्या बोलीला हसले जाण्याची जुनी भीती आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. पण लहान मूल दोन-तीन भाषा एकत्र पेलू शकते, त्याने त्या मिसळून बोलल्या तर तो दोष नसतो आणि त्यामुळे बोलणे लांबतही नाही. मुलाला गरज असते ती भरघोस बोलण्याची. ज्या भाषेत आईला दोनशे शब्दच येतात, त्या भाषेत ती हुकूम देऊ शकते. गोष्ट सांगणे, चिडवणे, चुलीपुढे बसून कालची गंमत रंगवून सांगणे तिला जमत नाही. ‘माले पानी दे’ म्हणणारे पोर शाळेत गेल्यावर ‘मला पाणी दे’ही म्हणते आणि इंग्रजीतही मागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. त्याच धोरणात पहिलीचे वय सहा धरले असताना तीन वर्षांच्या मुलाच्या बोटांत पेन्सिल कोंबून रेघांच्या वहीत अक्षरे गिरवून घेण्याची घाई कशासाठी, हे त्या शाळांनाही विचारले पाहिजे.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत दोन्ही पिढ्यांत कोण बरोबर याचे उत्तर गोष्टीगणिक बदलते. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, हे तरुण पालकांचे म्हणणे खानदेशच्या उन्हाळ्यातही खरे आहे. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते, म्हणून बाळाला वरचे पाणी लागत नाही. वर्षाच्या आत मधाचे बोट चाटवू नये, कारण मधात असू शकणाऱ्या एका जिवाणूच्या विषाने तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. नाकाकानात तेल घालू नये. पण हलक्या हाताने मालिश करणे, रडले की लगेच उचलून घेणे, बाळाला आईच्याच खोलीत झोपवणे, यांत आजीचे बरोबर आहे. ‘उचलून उचलून सवय लागेल’ ही भीती पहिल्या काही महिन्यांत निराधार आहे, आणि बाळाला वेगळ्या खोलीत एकटे झोपवण्याचे परदेशी धडे इथल्या कुणी मनावर घेण्याची गरज नाही. बाळ त्याच खोलीत पण आपल्या वेगळ्या अंथरुणावर, पाठीवर झोपवलेले असावे एवढे पाहावे.

बापाचे वागणेही बदलले आहे. पोराचे लंगोट बदलणारा, त्याला न्हाऊ घालणारा बाप आता जळगावात नवलाचा राहिलेला नाही, जरी आखाजीच्या गोतावळ्यात त्याची थोडी टिंगल होत असली तरी. कायदा मात्र अजून त्याच्यापर्यंत पोहोचलेला नाही. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. केंद्र सरकारी नोकर असलेल्या बापाला १५ दिवस मिळतात, आणि खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने काहीच नाही. दुकान, शेती किंवा सुरतेतली कारखान्याची नोकरी असेल तर रजेचा प्रश्नच येत नाही.

आणि इथे हेही नोंदवले पाहिजे की आतापर्यंतची सगळी चर्चा ज्यांना पद्धत निवडण्याची सवड आहे त्यांच्याविषयी आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडे सातपुड्यात कामावर जाणारी आई बाळाला पाठीशी फडक्यात बांधून नेते. शहरातले पालक तशीच जवळीक साधण्यासाठी हजारो रुपयांचा पट्टा विकत घेतात. पण मजुरीसाठी स्थलांतर करणाऱ्या घरात दोन वर्षांचे पोर सहा वर्षांच्या बहिणीवर सोपवले जाते, तेव्हा तो संगोपनाचा प्रकार नसून पोट भरण्याची सोय असते. तिथे प्रश्न अंगणवाडीच्या वेळेचा आणि पाळणाघराचा आहे.

सवड असलेल्या घरांत आणखी एक गोष्ट वाढली आहे, ती म्हणजे आईच्या मनातला अपराधीपणा. रोज कुणाची तरी परिपूर्ण आई फोनवर दिसते आणि आपण संध्याकाळी ओरडलो याची बोच रात्री झोपू देत नाही. बाळाला परिपूर्ण आई लागत नाही, पुरेशी चांगली आई पुरते, असे डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यालाच सांगितले होते. एडवर्ड ट्रॉनिक या संशोधकाने आई आणि तान्हे बाळ समोरासमोर बसवून बारकाईने पाहिले, तेव्हा चांगल्या जोड्यांतही दोघांचे सूर एकूण वेळेच्या जेमतेम एक तृतीयांश भागच जुळलेले दिसले. उरलेला वेळ सूर चुकण्यात आणि पुन्हा जुळवण्यात जात होता, आणि हे पुन्हा जुळवणे बाळाच्या दृष्टीने महत्त्वाचे होते. म्हणजे ओरडल्यावर अर्ध्या तासाने पोराजवळ जाऊन ‘मी जोरात ओरडले, तू घाबरलास ना’ एवढे म्हणणे पुरेसे असते. जुन्या माणसांना आईने पोराची माफी मागणे विचित्र वाटते, पण या पिढीने आणलेल्या बदलांत मला तरी हा सगळ्यांत मोलाचा वाटतो.

एकाच घरात दोन्ही पिढ्या असतील तर सगळ्याच बाबतींत एकमत करण्याच्या भानगडीत पडू नये. मारायचे नाही, जेवताना फोन नाही आणि रात्री झोपायची वेळ ठरलेली, या तीन गोष्टी आईबापांच्या शब्दाने चालाव्यात आणि आजी-आबांनी त्या मोडू नयेत. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी १० ते १३ तास झोप लागते, म्हणून यांतली तिसरी गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. बाकी कुठली टोपी घालायची, खिचडीवर तूप किती, दुपारी कुठली गोष्ट सांगायची आणि ती कितव्यांदा सांगायची, हे आजीचे आजीवर सोडावे.